वाडीची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. बोअर मारण्याआधी काय मोजू?

खाडीकाठची:
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या दक्षिण तीरावर आमची वाडी. सड्यावरून (वरच्या जांभ्याच्या पठारावरून) एक पऱ्या, म्हणजे ओढा, उतरतो, वाडीच्या कडेकडेने खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत) शिरतो आणि पुढे खाडीला मिळतो. पऱ्या आणि खाजण यांच्या मधोमध सार्वजनिक विहीर. जुलैत तिच्यात नुसतं वाकून कळशी भरता येते. शिमग्यापर्यंत कुणाची तक्रार नसते. त्यानंतर चव फिरते, आणि मेमध्ये त्या पाण्याचा चहा पाहुण्याला द्यायची लाज वाटते.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं, त्यातली मी एक. तपासणीची पेटी माझ्याच फडताळात असते. क्लोराइडची चाचणी मला आता झोपेतही येईल: नमुना पिवळा करून घ्यायचा, मग एकेक थेंब टाकत विटकरी रंग ठरेपर्यंत मोजायचे. फेब्रुवारीत आमचं क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आत असतं. मेमध्ये हजाराच्या पुढे जातं. भारतीय मानक 10500 मध्ये 250 पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घ्या, असं आहे. म्हणजे आम्ही चालवून घेण्याच्याही पलीकडे गेलो.

ग्रामसभेत तीन मतं पडली. एक, विहिरीच्या बाजूलाच बोअर मारा. दोन, विहीर आणखी खोल करा. तीन, आरओ बसवा (हे म्हणणाऱ्याचा मेहुणा आरओ विकतो, ते सोडा). मी म्हटलं, आधी मीठ येतं कुठून ते तरी बघू. तर सगळे म्हणाले, खाडीतून येतं, त्यात बघायचं काय?

मला बघायचं आहे. हाताशी पेटी आहे, पेनाएवढा टीडीएस मीटर आहे, दोरी आहे आणि सुट्टीतला मुलगा आहे. काय, कुठे आणि कधी मोजू?

जांभ्यावरचा:
ताई, भूजलाच्या कामातून निवृत्त झालोय. रायगड ते सिंधुदुर्ग विहिरींत फीत सोडण्यात नोकरी गेली. पहिलं काम, बोअरचा ठराव लांबवा. कारण पुढे येईलच.

आपल्याकडे 3000 मिलिमीटर पाऊस पडून मेमध्ये टँकर का, याचं उत्तर सड्यावर आहे. वर जांभा, भोकाभोकांचा, पाणी धरत नाही. त्याखाली शेडी, चिकट, पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी त्या दोहोंच्या सांध्यावरून आडवं धावतं आणि उताराला झरा होऊन बाहेर पडतं. तुमचा पऱ्या असाच जगतो. जानेवारीत तो आटला की सड्यावरून विहिरीकडे येणारा गोड्या पाण्याचा रेटा संपला. तोवर खाडीला तोच मागे रेटून धरत होता.

म्हणून चवीआधी पातळी मोजा. कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा, कायम तिथूनच मोजायचं. फितीच्या टोकाला वजन, शेवटच्या हातभर भागाला खडू फासायचा, फीत सोडायची, वर काढायची. खडू भिजून जिथे काळपट झाला तिथवर पाणी. खुणेला धरलेल्या आकड्यातून भिजलेली लांबी वजा करा. वाकून अंदाज घेण्यापेक्षा हे शंभरपट बरं, आणि मुलालाही काम मिळेल.

आता ती पातळी खाडीच्या तुलनेत कुठे आहे ते हवं. त्यासाठी गवंड्याचा लेव्हल पाइप पुरतो. विहिरीच्या खुणेपासून टप्प्याटप्प्याने पाण्याची नळी धरत खाजणाच्या बांधापर्यंत जा, आणि उधाणाची भरती बांधाला कुठवर लागते तिथे खिळा मारा. मेमधली विहिरीतली पातळी त्या खिळ्याच्या किती खाली जाते, हा तुमचा सगळ्यात मोलाचा आकडा. नुसत्या टीडीएसवर भांडण मिटत नाही, या आकड्यावर मिटतं.

का, ते सांगतो. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. त्यामुळे जमिनीतलं गोडं पाणी समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा एक फूट वर असेल, तर त्याच्या खाली सुमारे 40 फूट गोडं पाणी तगून राहतं. घायबेन आणि हर्झबर्ग यांचा हा हिशेब शंभर वर्षांहून जुना आहे. त्याची उलट बाजू वाईट: उपशाने पातळी एक फूट उतरवलीत की खालचं खारं 40 फूट वर यायला बघतं. वाळूत हे बरंच जुळतं. जांभ्यात आणि काळवत्रीत (काळ्या दगडात) पाणी भेगांतून पळतं, तिथे फूटपट्टी लावून बसू नका, पण दिशा तीच. खाजणाशेजारी खोल बोअर म्हणजे खालच्या खाऱ्याला शिडी लावून देणं. एकदा ते वर आलं की एका पावसाळ्यात धुऊन निघेलच असं नाही. विहीर खोल करण्यालाही हेच लागू.

नमुने दोन घ्यायचे, एक वरचा, एक तळाचा. तळाच्यासाठी बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी; तळाशी गेल्यावर बूच ओढा. आणि एकच विहीर धरून बसू नका. सड्याच्या पायथ्यापासून खाजणापर्यंत एका रेषेत ज्या विहिरी असतील त्या सगळ्या घ्या. नदीचं खोरं फार मोठं, तुमचं खोरं म्हणजे हा पऱ्या, तेवढंच नीट वाचा.

आता माझे प्रश्न. पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं खालचं तोंड) किती खोल आहे? वरच्या अंगाला कुणाची बोअर? आणि खाजणाचा बांध धड आहे का?

बाटलीवाला:
मी प्रयोगशाळेत असतो. जांभ्यावरच्या काकांच्या म्हणण्यात थोडी भर. टीडीएस मीटर फक्त क्षार किती एवढं सांगतो, कुठले ते नाही. क्लोराइड वाढलं म्हणजे खाडीच, हेही पक्कं नाही, शोषखड्ड्यातूनही येतं. म्हणून त्याच नमुन्यात नायट्रेट बघा. क्लोराइड चढलं आणि नायट्रेट जागेवर राहिलं तर खाडीकडे बोट. दोन्ही चढली तर आधी संडास बघा. नायट्रेटची मर्यादा 45, आणि तिथे चालवून घ्यायची सोय मानकात नाहीच.

अंदाजासाठी, समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 19 ग्रॅम क्लोराइड असतं. 100 भागांत 5-6 भाग मिसळले की हजार पार. म्हणजे विहिरीत 'समुद्र शिरला' असं म्हणायला फार पाणी लागत नाही.

अजून एक, जीवाणूंची बाटली पावसाच्या पहिल्या सरींनंतर लावा, मेमध्ये नव्हे. जांभ्यातून घाण गाळून न येता थेट येते. बाटली एक-दोन दिवसांत काळी झाली तर टीसीएलशिवाय (ब्लीचिंग पावडरीशिवाय) ते पाणी कुणी पिऊ नये. मिठापेक्षा मला याची काळजी जास्त आहे.

(संगमेश्वराकडचं कुणी हे वाचत असेल तर: तुरळ, राजवाडी, आरवलीच्या गरम कुंडांच्या पट्ट्यात खाडीपासून लांबही क्लोराइड मिळतं. तिथे हा नियम लावू नका.)

कर्लीपलीकडचो:
आमच्या देवबागाक एका बाजूक कर्ली, दुसऱ्या बाजूक दर्या, मधी वाळू. तरी विहिरीक गोडा पाणी गावता. गोडा वर, खारा खाली. जुने लोक विहीर खोल नाय मारीत, रुंद मारीत. रहाटान वढला तोवर बरा होता. मोटार जोरात लावल्यार दुपारपर्यंत पाणी मचूळ. ताईनू, पंपवाल्याक सांगा, थोडो थोडो चालव.

खाडीकाठची:
सगळ्यांचे आभार. काकांनी बांधाचं विचारलंत आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

बांधाला खांड गेली आहे, म्हणजे तो फुटला आहे. उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) फळी कुजली, मग तिच्या बाजूने माती धुपली, आणि आता बैलगाडी जाईल एवढी वाट झाली आहे. मुंबईला गेलेल्यांच्या जमिनी, त्यामुळे कुणी हात लावला नाही. पूर्वी खाजणात भात व्हायचं, आता उधाणाला आत पाणी भरतं आणि कांदळ (खारफुटी) उगवून माणसाच्या उंचीची झाली. ती आम्हाला निसर्गाची कृपा वाटत होती. विहिरीपर्यंत खाडी आपण होऊन चालत आली, हे लक्षातच आलं नाही कुणाच्या.

पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून जेमतेम हातभर वर आहे. पाणी कमी झालं तसा दरवर्षी खाली सोडत गेले. वर आंब्याच्या बागेत एक बोअर आहे, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर.

मोजायला घेतलंय. सासरे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती. कॅलेंडर बघायचं काम नाही. पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला), दोन्ही वेळा नमुने घेतले. वरचा नमुना दोन्ही वेळी जवळपास सारखाच. तळाचा मात्र उधाणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो आणि भांगाला उतरतो. रेषेतल्या विहिरींत खाजणाला लागून असलेली सगळ्यात खारट, पायथ्याची मेमध्येही गोड. नायट्रेट आमच्या विहिरीत कमी.

पण रेषेतल्या एका घरच्या विहिरीत ते 45 च्या वर निघालं. शोषखड्डा परसातच आहे. त्यांच्या घरी परवा सत्यनारायण आहे, तीर्थाला तेच पाणी. सांगायचं कसं?

एक कोडं राहिलं. भरती चढते तशी आमच्या विहिरीची पातळीही दोन-तीन बोटं चढते. म्हणजे पाणी थेट आत येतंय का?

जांभ्यावरचा:
नाही, लगेच तसं म्हणू नका. भरतीचं वजन जमिनीतल्या पाण्यावर पडतं आणि दाब पुढे सरकतो, म्हणून पातळी हलते. मीठ त्यामानाने फार सावकाश येतं. तुमचा तळाचा नमुना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो, ते मीठ. पातळी तासाभरात हलते, तो दाब. दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, नाहीतर ग्रामसभेत कुणीतरी तुम्हाला उभं करेल.

खाडीचाही खारटपणा अधूनमधून मोजा. कोयनेचं पाणी वीज करून पोफळी-कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत सोडतात. कोयनेसाठी कृष्णेच्या खोऱ्यातून पश्चिमेला वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वळवायची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिली होती. चिपळूणच्या अंगाला खाडी उन्हाळ्यात किती खारी, हे त्यामुळे नुसतं ऋतूवर ठरत नाही, वीजघर किती चालतंय त्यावरही ठरतं. तुम्ही मुखाकडे आहात, तुमच्याकडे असर कमी असेल, पण गृहीत धरू नका.

तुमच्या आकड्यांवरून मी तीन गोष्टी सुचवेन. फूटव्हॉल्व्ह या आठवड्यातच वर घ्या, फुकटचं काम आहे, आणि पंप एकदम चार तास न चालवता सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा चालवा. दिवाळीनंतर पऱ्यात धार आहे तोवर सिमेंटच्या पोत्यांचे वनराई बंधारे घाला, एक नव्हे, वरपासून खालपर्यंत दोन-तीन. रेटा जेवढा लांबेल तेवढं मीठ उशिरा येईल. आणि खांड बुजवा. आंबेवाल्या बोअरचं सामोपचाराने बघा. 1993 च्या भूजल कायद्यात पिण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवती 500 मीटरचं बंधन होतं, आता 2009 चा कायदा आहे. पण कोकणात कायदा दाखवला की बोलणं बंद होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बाटलीवाला:
सत्यनारायणाच्या घरी आज जा, परवा नको. 'नायट्रेट' म्हणू नका. घरात बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर त्याचं दूध या पाण्यात कालवू नका, एवढं आधी सांगा. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं, हेही सांगा, कारण लोक हमखास उकळतात. तीर्थाला पायथ्याच्या विहिरीची कळशी तुम्हीच घेऊन जा.

आरओचं म्हणाल तर तो गाळलेल्या पाण्यासोबत मूळ पाण्याहूनही जास्त खारट पाणी बाहेर टाकतो. ते विहिरीच्याच अंगणात सोडणार असाल तर नका बसवू.

खाडीकाठची:
कळशी घेऊन जाऊन आले. बाळ आहे, सहा महिन्यांचं. बरं झालं आज गेले.

फूटव्हॉल्व्ह वर घेतला. पंपवाला कुरकुरला, कारण आता त्याला दोनदा यावं लागतं. गवंडी मामा लेव्हल पाइप द्यायला तयार आहेत, पण नळी तेच धरणार म्हणतात. खांडीसाठी अर्ज कुठे करायचा?

जांभ्यावरचा:
तुमचा बांध सरकारी खारभूमी योजनेतला आहे का ते आधी बघा. असेल तर खारभूमी विकास विभागाकडे ग्रामसभेच्या ठरावासह अर्ज. खासगी असेल तर जमीनवाल्यांना एकत्र आणावं लागेल, मुंबईकर गणपतीला येतात तेव्हा सह्या घ्या. आणि कांदळांना कोयता लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर ते प्रकरण अंगाशी येतं. खांडीपाशी कांदळ आलेली असतील तर अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि जागेचे फोटो जोडा, भरतीचे आणि ओहोटीचे, दोन्ही.