ट्रेकला सगळ्यांची चाल वेगळी, ग्रुप एकत्र कसा ठेवायचा?

मंडळी, सल्ला हवा आहे. आम्ही नऊ मित्रमैत्रिणी एका नेहमीच्या, गर्दीच्या वाटेने शिखरावर जाऊन त्याच दिवशी खाली उतरणार आहोत. एका बाजूने साधारण ७ किमी, चढ ९०० मीटरच्या आसपास. वाट मळलेली आहे, चुकायची फारशी भीती नाही. अडचण डोंगराची नाही, माणसांची आहे.

दोघं रोज पळणारे. बाकीचे माझ्यासारखे, रडतखडत का होईना पोचणारे. एका मैत्रिणीचा गुडघा चढताना गप्प असतो, उतरताना कुरकुरतो. मागच्या ट्रेकला पुढचे दोघं प्रत्येक वळणावर बसून आरामात गप्पा हाणायचे. शेवटचा मित्र धापा टाकत पोचला रे पोचला की हे पँट झटकून उभे, "चला, आले सगळे!" म्हणजे दम खायची गरज नसलेल्यांनी भरपूर खाल्ला आणि त्या बिचाऱ्याला पाण्याची बाटली उघडायलाही उसंत नाही. तो काही बोलला नाही, पण तेव्हापासून प्रत्येक बेताला "जमत नाही गं" चालू आहे. यावेळी मीच गळ घालून तयार केलंय.

तर, सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावं का? अरुंद वाटेवर मागे रांग तुंबली की तो आणखी बावचळेल असं वाटतं.

दुसरं वेळेचं. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथच्या १८९२ च्या हिशेबाने (५ किमीला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक) न थांबता चढायलाच तीन तास लागतात. आमचे थांबे आणि फोटो पाहता मी साडेचार धरतेय. बारा वाजले की असू तिथून मागे फिरायचं, असंही म्हणतेय. यावर ग्रुपात "मिलिटरी आहे का?" सुरू झालंय.

प्रतिसाद १: अगदी पुढे नको, दुसऱ्या नंबरवर ठेवा. पुढे समंजस माणूस, बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग. सगळ्यात मागे अनुभवी कोणीतरी, प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे. थांब्याची पाच मिनिटं शेवटचा माणूस टेकल्यावर मोजायची. फाटा आला की सगळे येईपर्यंत कोणी हलायचं नाही, मळलेल्या वाटेवरही. आणि त्या पळणाऱ्यांच्या पाठीवर सगळ्यांचं जास्तीचं पाणी द्या. वेग आपोआप माणसांत येतो!

प्रतिसाद २: परतीची वेळ घरूनच ठरवून निघा. शिखर समोर दिसायला लागलं की कोणी कोणाचं ऐकत नाही. ढग गडगडले तर बारा वाजायचीही वाट बघू नका, उघड्या माथ्यावरून आधी खाली या. गुडघ्यासाठी दोन्ही हातांत काठ्या, उतरताना थोड्या लांब करून. पावलं छोटी टाकायची. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, ते थकले की गुडघ्यावर येतं. उतरायच्या आधी बुटांची नाडी घोट्याजवळ आवळा, नाहीतर अंगठ्याचं नख काळंनिळं होतं.

धागाकर्ती: दोघांचेही आभार! पाण्याचं ऐकून पळणारे चक्क तयार झाले. आता एवढंच सांगा, त्या मित्राला दुसऱ्या नंबरवर ठेवायचं ते त्याला न खुपता कसं सांगू? की न बोलता पुढच्याच्या मागे उभं करू?