मदत हवी आहे: रस्ता उंच झाला, घर खाली गेलं

नमस्कार मंडळी. विलेपार्ले पूर्वेला आमचं आजोबांनी बांधलेलं बैठं घर आहे. विटांच्या चुन्यातल्या भिंती, मंगलोरी कौलं, मागे विहीर आणि तिच्यावर वाकलेला रायवळ आंबा. लहानपणी ओसरीवरून तीन पायऱ्या उतरून रस्त्यावर जायचो, वाऱ्याबरोबर बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास यायचा. तो कारखाना 2016 मध्ये बंद झाला. रस्ता काँक्रीटचा होत होत इतका चढला, की आता फाटकातून आत यायला एक पायरी उतरावी लागते. आजूबाजूच्या नव्या इमारतींनी भराव घातलाय, त्यांचं पाणी आमच्याकडेच येतं.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा घरात पाणी आलं होतं. तो दिवसच वेगळा होता. आता दोन तासांची सर पुरते. गेल्या पावसाळ्यात देव्हाऱ्यासमोरच्या शहाबादी फरशीच्या सांध्यांतून बुडबुडे यायला लागले, म्हणजे पाणी जमिनीखालूनच वर येतंय. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत गिलावा पांढरा फुलून गळतो.

जॅक लावून अख्खं घर उचलतात, ते अशा जुन्या चुन्याच्या भिंतींना झेपेल का? कुणी प्रत्यक्ष करून घेतलंय? दुसरा पर्याय आतली जमीन दोन फूट भरायचा, पण मग दारांना डोकं आपटेल. विहिरीत पाणी वळवलं तर ती खराब होईल का?

बाबांना पुनर्विकास नकोय, मलाही नकोय. जुन्या घरांचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर माहीत असेल तर कृपया सांगा. मे संपायच्या आत काम उरकायचंय.