मदत हवी आहे: रतनगडाच्या गुहेत डिसेंबरची एक रात्र, नागपूरहून पाच जण

अंबाझरीकाठ:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण (चार मोठे, एक १२ वर्षांचा मुलगा) रतनगडाला जाणार आहोत. विदर्भ एक्सप्रेसने इगतपुरी, पुढे घोटी, शेंडी करत रतनवाडी आणि मुक्काम गडावरच्या गुहेत. तंबू नाही. सध्याची यादी अशी: प्रत्येकी ६ मिमीची फोमची मॅट, ५ अंश तापमानापर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग, एक छोटी गॅस शेगडी, २३० ग्रॅमचे दोन कॅन आणि माणशी २ लिटर पाणी. एवढ्या मॅटवर झोप लागेल का? गडावरच्या टाक्यांचं (कातळात कोरलेल्या हौदांचं) पाणी प्यायचं कसं? आणि शेकोटीची लाकडं गावातून न्यायची की वर मिळतात?

कातळवाट:
भाऊ, आधी शेगडीचं बोलतो, कारण अडचण नागपूर स्टेशनपासूनच सुरू होते. गॅसचे कॅन रेल्वेने नेता येत नाहीत. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रॉकेल-पेट्रोलचंही तेच. शिवाय स्वस्त कॅनमध्ये बहुतेक नुसतं ब्युटेन असतं. ते शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं, आणि जळताना कॅन स्वतःच गार होत जातो. म्हणून हवा ७-८ अंश असली तरी पहाटे ज्योत मरगळते.

शेगडी सोडा. रतनवाडीत एखाद्या घरी आधी सांगून ठेवलं, तर पिठलं-भाकरी बांधून मिळते. निघताना एक लिटरचा चांगला थर्मास उकळत्या चहाने भरून घ्या. थर्मास आधी गरम पाण्याने खळखळून घेतला की चहा रात्रीपर्यंत गरम राहतो. घरून दशम्या आणि जवसाची चटणी न्या, सकाळचं भागतं.

सातपुडा_पायी:
मॅटबद्दल. ८-१० अंशांची थंडी नागपूरकराला नवी नाही. गड साधारण १३०० मीटर उंच, म्हणजे आपल्या शहरापेक्षा जवळपास हजार मीटर वर. नुसत्या उंचीने ६ अंशांचा फरक पडतो, त्यात वारा. तरीही झोप मोडते ती खालच्या दगडामुळे. कातळ रात्रभर पाठीतली ऊब ओढत राहतो. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग तुमच्या वजनाने दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि तिथे तिचा उपयोग जवळपास संपतो. त्यामुळे अंगावर आणखी ब्लँकेट घेऊन काही होत नाही. जे वजन न्यायचं ते पाठीखाली न्या.

६ मिमी कमीच आहे. १० ते १२ मिमीची न दबणारी मॅट घ्या, किंवा ६ मिमीच्या दोन एकावर एक. अंगठ्याने जोरात दाबून बघा: खळगा लगेच भरला तर ठीक, तसाच राहिला तर तो पॅकिंगचा फोम आहे, तासाभरात चपटा होईल. सगळ्यात खाली ओल अडवायला जाड प्लास्टिक. हवेची गादी नको, गुहेतल्या खड्यांनी पंक्चर होते. बॅगवरचे ५ अंश हे आरामाचे की शेवटच्या मर्यादेचे, तेही पाहून घ्या. मर्यादेचे असतील तर मुलाला ती पुरणार नाही. आणि नाक बॅगेत घालून झोपू नका, श्वासाच्या वाफेने पहाटे अस्तर ओलं होतं.

कातळवाट:
जागा निवडताना आधी छत बघा. जिथे काळपट ओल किंवा पांढरे ओघळ दिसतात, त्याखाली अंथरायचं नाही.

निवडुंग:
शेकोटी नकोच, हे मनापासून सांगते. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्य धोक्यात येईल अशी आग पेटवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. मुक्काम चालतो का, तेही वन विभागाच्या नाक्यावर विचारूनच वर चढा. गुहेला तोंड एकाच बाजूला. वारा फिरला की धूर आत कोंडतो. तापलेल्या कातळाचे पापुद्रे सुटतात. आणि कड्यावर आग्या मोहोळ असलं, तर धुराने माश्या उठतात. रतनवाडीकडच्या वाटेवर कड्याला लोखंडी शिड्या आहेत, त्यांवरून घाईने पळता येत नाही.

टाक्यांचं पाणी: चार पदरी सुती कापडातून गाळा, मग क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात. गार पाण्यात क्लोरीन सावकाश काम करतं, म्हणून अर्ध्याऐवजी एक तास थांबा. टाक्यात हात-पाय किंवा खरकटं भांडं बुडवू नका, तेच पाणी उद्या कोणी तरी पिणार आहे. शौचाला टाक्यांपासून निदान ६० मीटर लांब आणि उताराच्या बाजूला जा. चढायला माणशी २ लिटर कमी, ३ घ्या.

खाणं स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवा. दिवसा माकडं चेन उघडतात, रात्री उंदीर पिशवी कुरतडतात. संत्र्यांची सालंही परत आणा.

अंबाझरीकाठ:
फार मोलाचं सांगितलंत. शेगडी आणि शेकोटी दोन्ही बाद. मॅट १२ मिमीच्या घेतो. गुंडाळी मोठी होते, ती सॅकवर आडवी बांधली तर चालेल ना?

सातपुडा_पायी:
आडवी नको. शिडीवर तिची टोकं दोन्ही बाजूंच्या कठड्यांत अडकतात आणि माणूस मागे ओढला जातो. सॅकला उभी बांधा, दोन जागी आवळून. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस. उतरताना तोंड शिडीकडे, मुलाच्या खाली एक मोठा आधी. आणि शनिवारची रात्र टाळा, गुहा भरलेली असते. रविवारी दुपारी चढलात तर जागा मिळते.