मदत हवी आहे: मिनिफाय केल्यावर (कोड आखूड केल्यावर) अँग्युलरजेएस अ‍ॅप बंद पडतं
नमस्कार मंडळी, जुनं अँग्युलरजेएस (जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) अ‍ॅप वेबपॅक 5 वर (कोडच्या फाइली एकत्र बांधणारं टूल) आणलंय, बिल्ड जेनकिन्सवर (ऑटोमेशन सर्व्हर) आपोआप होतं. माझ्या मशीनवर डेव्हलपमेंट मोडमध्ये सगळं नीट चालतं. प्रॉडक्शन बिल्ड टाकलं की पान कोरं, आणि कन्सोलमध्ये ‘अननोन प्रोव्हायडर: ईप्रोव्हायडर’. कंट्रोलरच्या (पानाचं लॉजिक सांभाळणाऱ्या फंक्शनच्या) ‘डॉलर-स्कोप’ पॅरामीटरचं टर्सरने (मिनिफाय करणाऱ्या टूलने) नुसतं ‘ई’ केलंय, आणि अँग्युलरजेएस तर डिपेन्डन्सी (फंक्शनला लागणारे भाग) पॅरामीटरच्या नावावरूनच शोधतं. मँगल फॉल्स केलं (नावं आखूड करणं बंद केलं) की चालतं, पण फाइल फुगते. आमचे बरेच युजर मोबाइल डेटावर असतात, म्हणून ते नकोच. शंभरेक कंट्रोलर हाताने अ‍ॅरे पद्धतीत (डिपेन्डन्सींची नावं स्ट्रिंग म्हणून लिहून) बदलायला वेळ नाही. बेबलचं (कोड रूपांतरित करणारं टूल) अँग्युलरजेएस-अ‍ॅनोटेट प्लगइन, जे ही नावं आपोआप लिहितं, ते कोणी वापरलंय का? बेबल-लोडरमध्ये ते नेमकं कसं बसवायचं? आणि स्ट्रिक्ट-डीआय (नावं स्पष्ट लिहिली नसतील तर एरर देणारा मोड) लावून ही चूक लोकलवरच पकडता येईल ना? चालू कॉन्फिग दाखवलंत तर फार उपकार होतील.