साखरेच्या गोळीनेही बायकांना जास्त त्रास होतो म्हणे. मग?

रानजाई:
डिप्रेशनच्या औषधांच्या ट्रायलमध्ये एका गटाला खरी गोळी देतात आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली, म्हणजे प्लासिबो, आणि कुणाला काय मिळालंय ते पेशंटलाही माहीत नसतं नि डॉक्टरलाही. तरी प्लासिबोवाल्यांनाही डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं असले त्रास होतात, त्रास होणार या धास्तीनेच होणाऱ्या अशा त्रासाला नोसिबो म्हणतात. २०१७ मध्ये नॉर्वेतल्या दोन संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पुरुषांत प्लासिबोचा फायदा जास्त दिसला आणि बायकांत नोसिबोचा त्रास. हा विषय निघाला की दोन मिनिटांत कुणीतरी "बायकांच्या तक्रारी मनाच्याच" यावर येतं. अहो, प्लासिबोचा गट ठेवलाय तो वजाबाकीसाठी! समजा प्लासिबोवर शंभरातल्या तीसजणींना मळमळ झाली आणि औषधावर पन्नासजणींना, तर वरच्या वीसजणींची मळमळ औषधाचीच ना? ही वजाबाकी बायकांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी छापा. कितीतरी शोधनिबंधांत दोघांचा मिळून एकच तक्ता असतो.

कोरा_कागद:
असहमत. मी सायकिअ‍ॅट्रीत रेसिडेन्सी करतोय. गोळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बंद करून ओपीडीत परत येणाऱ्या बायका खूप बघतो, आधीच कुणीतरी घाबरवलेलं असतं, आणि या गोळ्यांचा गुण यायला तर काही आठवडे लागतात. तुम्ही वजाबाकी केलीत, पण त्या तीसजणींचं काय? त्यांची मळमळ खरीच असते, फक्त कारण गोळीतल्या रसायनात नसतं. नोसिबो म्हटलं की अपमान वाटतो म्हणून विषयच टाळला तर नुकसान त्यांचंच. आणि पुरुषही सुटलेले नाहीत. २००७ चा इटलीतला अभ्यास बघा, प्रोस्टेटसाठी फिनास्टराइड दिलं, लैंगिक त्रास होऊ शकतो असं आधी सांगितलेल्यांत ४३.६ टक्क्यांनी त्रास झाला म्हणून सांगितलं, न सांगितलेल्यांत १५.३ टक्क्यांनी. औषध तेच.

तात्या_मोजमाप:
विचारतात कसं, हे दोघांनीही सोडलंत. २००९ मध्ये रीफ आणि सहकाऱ्यांनी डिप्रेशनच्या १४३ ट्रायलमधले फक्त प्लासिबोचे गट तपासले. जुन्या ट्रायसायक्लिक औषधांच्या ट्रायलमध्ये प्लासिबोवरच्या १९.२ टक्के लोकांच्या तोंडाला कोरड पडली, नव्या एसएसआरआय गटातल्या औषधांच्या ट्रायलमध्ये ६.४ टक्के. दोन्हीकडे औषध नसलेलीच गोळी! कोरड पडणं हा ट्रायसायक्लिकचा ठरलेला त्रास, तो पेशंटला आधी सांगितलेला असतो आणि डॉक्टरच्याही डोक्यात असतो. शिवाय यादी काढून एकेक त्रास विचारला की आकडा वाढतो, नुसतं "काही त्रास?" विचारलं की कमी येतो, आणि तिथे पुरुष "काय नाय, बरंय" म्हणून उठतात असं माझं मत. मग बायकांना त्रास जास्त होतो की त्या सांगतात जास्त? हे सुटल्याशिवाय वेगळे तक्ते छापून काय होणार.

रानजाई:
तात्या, वेगळे तक्ते नसले की काय होतं ते झोल्पिडेमचं बघा. झोपेची गोळी, अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झालेली, बायका-पुरुषांना एकच डोस. २०१३ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, बायकांसाठी १० चा ५ मिलीग्रॅम करायला लावला, कारण आठ तासांनंतरही साधारण १५ टक्के बायकांच्या रक्तात गाडी चालवायला धोका होईल इतकं औषध उरत होतं, पुरुषांत ३ टक्के. वीस वर्षं सकाळी डोकं जड राहतंय सांगणाऱ्या किती बायकांना मनाचं आहे म्हणून घरी पाठवलं असेल, विचार करा.

कोरा_कागद:
तो रक्तातल्या पातळीचा प्रश्न, नोसिबोचा नाही, दोन्ही एकत्र करू नका. पातळी मोजता येते म्हणून तर ते पकडलं गेलं.

सई_नाशिक:
मोजता येतं, पण आधी कुणीतरी मोजायला हवं ना डॉक्टर. माझे गोळी सुरू केल्यावर हात थरथरायचे, दोनदा सांगितलं तर "टेन्शन घेऊ नका", तिसऱ्या वेळी नवरा सोबत आला तेव्हा डोस बदलला.

तात्या_मोजमाप:
सईताई, म्हणूनच म्हणतो, गोळी सुरू करायच्या आधीच तीच यादी एकदा भरून घ्या, बायकांकडून पण आणि पुरुषांकडून पण. डिप्रेशनमध्ये झोप, डोकं, पोट आधीपासूनच बिघडलेलं असतं, काहीजणींचं पाळीच्या आधी आणखी. आधी हात थरथरत नव्हते हे कागदावर असतं तर कुणाला सोबत न्यायची वेळ आली नसती.

कोरा_कागद:
यादीला माझी हरकत नाही. पण ती वाचूनच निम्म्यांना थरथर सुटली तर? विचारताना "बहुतेकांना यातलं काही होत नाही" हेही तितक्याच स्पष्ट सांगा, ते कुणीच सांगत नाही.