विषय: तात्या गेले

प्रेषक: सु. (सध्या मुक्काम सांगली)

अमेरिकेत मोटारहोम, म्हणजे फिरत्या घराच्या गाड्या, घेऊन भटकणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना नमस्कार.

आपल्याला या गाड्यांचं सगळं शिकवणारे आणि पाच वर्षांपूर्वी सांगलीला परतलेले तात्या परवा पहाटे गेले. झोपेतच. काकूंचा फोन आला तेव्हा मी मिरजेला बहिणीकडे होतो, म्हणून लगेच पोचता तरी आलं. लेक शिकागोहून निघाली होती, तिच्यासाठी सगळे थांबले. बाकीचं कृष्णाकाठी झालं.

विश्रामबागेतल्या घरी गर्दी बघून मीच चाट पडलो. वालचंद कॉलेजचे त्यांच्या बॅचचे चार-दोन म्हातारे, शेजारपाजारचे, नात्यातले, हे अपेक्षितच. पण फाटकाबाहेर मोटारसायकली लावून उभी होती ती कुपवाड एम.आय.डी.सी.तली पोरं, पंचविशी-तिशीतली. हातावरचं ग्रीस नीट धुतलेलंही नव्हतं. ही पोरं टेंपो ट्रॅव्हलरच्या आत पलंग, ओटा, संडास बसवून फिरतं घर करून देतात. तासगावच्या एका द्राक्षबागाईतदाराची ऑर्डर होती, तेव्हा त्यांना कोणीतरी तात्यांकडे धाडलं.

तात्यांचा पहिला प्रश्न म्हणे, "आर.टी.ओ.चं काय केलंत?" मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळच्या रचनेत असा फेरफार करायचा तर परवानगी लागते. पोरांनी तोवर गादीचं कापडसुद्धा निवडलं होतं. दुसरा प्रश्न पाण्याच्या टाकीचा. टाकी २०० लिटरची आणि बसवलेली मागच्या ॲक्सलच्याही (मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) मागे. तात्यांनी काही समजावून सांगितलं नाही. टाकी काठोकाठ भरायला लावली आणि गाडी वजनकाट्यावर न्यायला लावली. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी. मग टाकी रिकामी करून पुन्हा तेच. शेपटाला २०० किलो लोंबकळले की पुढची चाकं किती हलकी होतात, ते पोरांनी आपल्या डोळ्यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी टाकी दोन ॲक्सलच्या मधे आली.

अमेरिकेत ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर आपल्यातल्या किती जणांना त्यांनी असंच उभं केलंय, आठवतंय ना?

काकूंनी एक वही दाखवली. लाल कापडी बांधणीची, लांबडी, हळदीच्या पेठेत अडत्याच्या गादीवर असते तसली. आत आपल्या प्रत्येकाच्या गाडीला एक पान. लांबी, छतावरच्या एसीसकट उंची, काट्यावरची वजनं, टायरची तारीख, छताच्या सांध्यांना सीलंट कधी लावलं, सगळं. माझं पान बघून मी ती मिटून ठेवली. सविस्तर नंतर लिहितो.

— सु.

*

प्रेषक: मी. (फिनिक्स)

सु., कळवलंस ते बरं केलंस. काकूंशी बोलले. बराच वेळ बोलल्या, मधेच हसल्यासुद्धा.

मला मोटारहोम चालवायला तात्यांनी शिकवलं हे इथे बहुतेकांना माहीत नाही. आम्ही गाडी घेतली तेव्हा घरात गृहीतच होतं की हे चालवणार आणि मी नकाशा बघणार. कोलोरॅडोच्या ट्रिपला तात्या-काकू बरोबर होते. तात्यांनी किल्ली ह्यांच्या हातातून काढून माझ्या हातात दिली आणि ह्यांना म्हणाले, "जावईबापू, तुम्ही मागं बसा. आणि गप बसा." आम्ही आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे होतो, ११,००० फुटांच्या वर. पलीकडे डेन्व्हरच्या दिशेने लांबच लांब उतार.

तात्या शेजारी बसून कुंभार्ली घाटाच्या गोष्टी सांगत होते. कॉलेजात असताना मामाच्या ट्रकवरून कराडहून चिपळूणला गुळाच्या ढेपा घेऊन जायचे, क्लीनर म्हणून. मामाचा नियम एकच: ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात तर ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर लागत नाहीत. मी खालचा गिअर टाकला तसं इंजिन असं काही ओरडायला लागलं की मागून हे उठलेच. तात्या म्हणाले, "ओरडू दे की. ओरडतंय म्हणजे धरून ठेवतंय." मागच्या गाड्यांची रांग लागली तरी त्यांनी मला घाई करू दिली नाही. वेग वाढला की ब्रेक एकदा जोरात दाबायचा, वेग खाली आणायचा, पाय काढायचा. सारखं कुरवाळत बसायचं नाही.

मुक्कामाला पोचल्यावर त्यांचं स्टीलचं ताट बाहेर आलंच. गाडीतल्या फरशीवर ठेवायचं, त्यात पाणी ओतायचं आणि पाणी कुठल्या कडेला पळतंय बघायचं. आपल्या जुन्या गाड्यांतला गॅसवर चालणारा फ्रीज तिरका राहिला तर आतलं अमोनियाचं चक्र अडतं आणि फ्रीज कायमचा जातो. बाजारात स्वस्तात लेव्हल (पाणसळ) मिळते. त्यांच्याकडे ती होतीसुद्धा. पण ताट ते ताट.

— मी.

*

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार.

आदरणीय तात्यांच्या निधनाने मंडळाची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे. येत्या रविवारी ऑनलाइन श्रद्धांजली सभा घेण्याचा विचार आहे. तसेच तात्यांच्या नावाने दरवर्षी 'आदर्श भटके कुटुंब' असा पुरस्कार द्यावा, अशी सूचना कार्यकारिणीत आली आहे. स्मृतिचिन्ह व शाल, खर्च मंडळ करेल. सदस्यांनी मते कळवावीत.

— सचिव

*

प्रेषक: ओ. (ओहायो)

सचिव महोदय, सभा जरूर घ्या. पण शाल? तात्यांना? मंडळाने पंचाहत्तरीला दिलेली शाल त्यांनी खिडकीतून वारा येतो म्हणून गाडीच्या पुढच्या काचेला आतून लावली होती, मी स्वतः बघितलीय.

आणि एक सांगतो, राग येईल काही जणांना. तात्या तोंडाने फटकळ होते. नवख्याला चारचौघात "हे कोणी शिकवलं तुला?" म्हणायचे. एका तरुण जोडप्याने त्यानंतर आपल्या कंपूत येणंच सोडलं. मी तात्यांशी त्यावरून भांडलो होतो, आणि ते मानले नव्हते. त्यांना देव करू नका, एवढंच.

मला त्यांचा मोठेपणा दिसला तो दुसरीकडे. कोणी म्हटलं, तात्या, आम्हीपण मोटारहोम घ्यावी म्हणतोय, तर बाकीचे आपण काय करतो? कुठली घे, कुठून घे, सुरू. तात्या आपल्या गाडीची किल्ली द्यायचे. त्या कुटुंबाची नावं आपल्या विम्यात घालून, टाक्या भरून. म्हणायचे, जाऊन या पोराबाळांसकट, पाऊस लागला तर उत्तम. सांडपाण्याच्या टाक्या स्वतःच रिकाम्या करायच्या: आधी संडासाची, मग मोरीची, म्हणजे मोरीच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे कुठे आहेत ते दाखवायचे, पुढचं तुम्ही आणि तुमचं नशीब. त्यातली कितीतरी घरं परत येऊन म्हणाली, नको रे बाबा, हॉटेल बरं. तात्या खूष! त्यांचे लाखभर डॉलर वाचवले याचा त्यांना जो आनंद व्हायचा, तो नवा गाडीवाला मिळाल्याचा व्हायचा नाही.

आणि जे घ्यायचंच म्हणायचे त्यांच्याबरोबर जुनी गाडी बघायला जायचे. विकणारा इंजिन दाखवत असायचा आणि तात्या आत शिरून कपाटांत डोकं घालून वास घेत असायचे. मग खिडक्यांखालचे कोपरे, पलंगाच्या डोक्याकडची भिंत, छताची कड, सगळीकडे अंगठा दाबत फिरायचे. अंगठा जरा आत गेला की बाहेर येऊन म्हणायचे, "चला, चहा घेऊ." म्हणजे ही गाडी नाही. इंजिन दुरुस्त होतं, भिंतीत मुरलेलं पाणी सांगाडा कुजवतं. कृष्णेचा पूर बघत वाढलेल्या माणसाला ओल कळायचीच.

पुरस्काराचं राहू द्या. त्या वहीचं काहीतरी करा. सु., तिची पानं स्कॅन करून सगळ्यांना पाठवशील?

— ओ.

*

प्रेषक: सु.

आत्ताच काकूंकडून आलोय. सगळ्यांच्या मेल वाचून दाखवल्या. शालेचं ऐकून म्हणाल्या, ती अजून आहे, कुणाला हवी असेल तर न्या. 'फटकळ'वर म्हणाल्या, "कमी लिहिलंय."

पुरस्काराला त्यांचा नकार आहे, तोही स्पष्ट. सचिवसाहेब, हे कार्यकारिणीला कळवा म्हणजे विषय मिटला.

वही स्कॅन करून लिस्टवर टाकायलाही काकू नाही म्हणतात, आणि मला पटतं. ओ., त्यात नुसती वजनं नाहीत. कोणाची नोकरी गेली होती तेव्हा कोणाच्या गाडीचा हप्ता कोणी भरला, हेही आहे. ज्यांनी भरला आणि ज्यांचा भरला त्यांना ठाऊक आहे, तेवढं पुरे. ज्याचं पान त्याला, एवढंच ठरलंय. मी एकेकाला फोटो काढून वेगळे पाठवतो. वही लेकीकडे जाईल.

पानं चाळताना एक मात्र दिसलं ते सांगतो. तात्या पाच वर्षांपूर्वी सांगलीला परतले, आणि टायरचा रकाना तिथेच थांबलाय. आपल्या गाड्या वर्षातले सात-आठ महिने उन्हात नुसत्या उभ्या असतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आतून तडकलेलं असतं. पाच ते सात वर्षांत टायर बदला, हे त्यांनी आपल्या डोक्यात किती वेळा घातलंय! पुढचा टायर हायवेवर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

तर श्रद्धांजली सभेला येताना प्रत्येकाने आपल्या सगळ्या टायरवरचे तारखेचे चार आकडे लिहून आणा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे असलेला पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असतो आणि तो नेमका आतल्या बाजूला सापडतो, तेव्हा जुने कपडे घालून, टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. गाडी सरकू नये म्हणून चाकाला ठोकळ्याची ओट लावायला विसरू नका. ज्यांना गुडघ्यांमुळे जमत नाही त्यांनी मला वेगळं लिहा, जवळपासच्या कोणाला तरी पाठवू. मी., तुझ्या पानावरची तारीख २०१६ ची आहे. बदलले असशील तर कळव, नसतील तर युटातल्या मोआबची ट्रिप पुढे ढकल.

ता.क.: सभेची वेळ इथल्या रात्री साडेनऊची ठेवा. काकूंना ऐकायचंय, आणि त्याआधी त्यांची मालिका असते.

— सु.