दार कुणी लावलं?

बी विंगचा ग्रुप, मुलुंड पूर्व. मंगळवार, रात्री ९ नंतर.

सावंतकाका (सेक्रेटरी): उद्या टाकी सफाई. सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद राहील. सर्वांनी पाणी भरून ठेवावे.

रेखाकाकू ३०२: ठीक. साडेआठची मालिका बघितली का कुणी? नवरा भर पावसात बाहेर उभा आणि ही आतून कडी लावून बसली. इतका माज बरा नव्हे.

नितीन ६०१: बघितली. जेवताना समोर तीच चालू असते, करणार काय. बिचारा पार चिंब झाला होता.

शिल्पा ५०४: बिचारा? रात्री दीडला कुठून आला होता तो?

रेखाकाकू ३०२: माहितीय गं. त्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून. पण चूक कळली ना त्याला. डोळ्यांत पाणी होतं.

शिल्पा ५०४: पाऊस होता काकू तो.

ओंकार ४०३: 😂 टँकरचा.

शिल्पा ५०४: काकू, गणपतीच्या आधीचं आठवतंय? हीच मालिका, हेच दार, आणि बाहेर ती उभी होती. लोकल बंद पडल्या, पावणेबाराला घरी पोचली, तर सासूने कडी काढली नाही. रात्र जिन्यात बसून काढली तिने. तेव्हा तुम्हीच इथे लिहिलं होतंत, "एक फोन करायला काय झालं होतं हिला?" मेसेज सापडलाय मला. टाकू?

रेखाकाकू ३०२: टाक की. फोन करायलाच हवा होता.

शिल्पा ५०४: बॅटरी संपली होती तिची. दाखवलं होतं. याचा फोन आज ठणठणीत चालू होता. दाराबाहेर उभा राहून मैत्रिणीला "पोचलो" असा मेसेज केला त्याने.

सावंतकाका (सेक्रेटरी): हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. 🙏

कुलकर्णीबाई २०१: सावंत, टाकीचं कळलं सगळ्यांना. बादल्या भरता भरता बोलतोय आम्ही. जिना झाडायचा राहिलेला नाही.

ओंकार ४०३: मी एडिटला असिस्टंट आहे म्हणून सांगतो. ही मालिका आमची नाही, पण आज मी दुसरंच बघत होतो. तो बाहेर होता तेव्हा कॅमेरा बाहेर, त्याच्यासोबत. भिजलेले बूट, थरथरणारा हात, बेलवरचं बोट, सगळं जवळून. आत ती काय करत होती? माहीत नाही, कारण तिचा एकच शॉट होता, तोही पाठमोरा. आणि जिन्यातल्या रात्री कॅमेरा आत सासूच्या खोलीत होता. सासूला झोप येत नव्हती, घड्याळाकडे बघत होती, देवाला हात जोडत होती. जिन्यातली मुलगी आपल्याला थेट सकाळी दिसली, दूधवाल्यासोबत.

शिल्पा ५०४: अरे हो! हे लक्षातच आलं नव्हतं माझ्या.

ओंकार ४०३: ज्याच्यासोबत चार मिनिटं काढतो त्याचंच आपल्याला वाईट वाटतं. कलाकारांच्या मुलाखतीच्या बाईटमध्येसुद्धा तेच, शिल्पाताई. तो बाहेरख्याली असला तरी कॅरेक्टरला "ग्रे शेड" म्हणायचं. ती नुसती फटकळ असली तरी "निगेटिव्ह". ग्रे शेडवाल्याला फ्लॅशबॅक मिळतो, लहानपणी वडील मारायचे, आई लवकर गेली वगैरे. निगेटिव्हला फक्त म्युझिक मिळतं. भुवई वर गेली की तोच पीस लावायचा.

रेखाकाकू ३०२: आणि बिनबाह्यांचं ब्लाऊज.

ओंकार ४०३: ते तर आधी 😂 सुधारली की कोपरापर्यंत बाह्या येतात.

कुलकर्णीबाई २०१: ३१ वर्षं व्याकरण शिकवलं, म्हणून राहवत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली. नाव नीट वाचा. बाहेर लफडं करणारा गुरुनाथ. पण नावात तो कुठे आहे? षष्ठीत. संबंध दाखवण्यापुरता. कर्ता नाही, कर्म नाही. भांडण लावून दिलंय राधिका आणि शनायात. आमच्या भिशीत साडेचार वर्षं शनायाला शिव्या घातल्या बायकांनी. गुरुनाथला कोण काय म्हणायचं? "गॅरी ना, मेला वेंधळाच आहे." वेंधळा! घरची बायको फसवायला केवढं नियोजन लागतं.

नितीन ६०१: एकच बाजू नका ना धरू. 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती बाहेर पडलीच की. आशुतोषशी लग्नही केलं. २०१९ ते २०२४, पाच वर्षं बघितलं लोकांनी. आमच्या घरी तर रडत रडत बघितलं.

कुलकर्णीबाई २०१: बघितलं, आणि ते चांगलंच झालं. पण बाईचं दुसरं लग्न म्हटलं की गावजेवण असतं, नितीन. 'अग्गंबाई सासूबाई' आठव. निवेदिता सराफची आसावरी, नवरा जाऊन वर्षं लोटलेली. तिच्या लग्नासाठी सुनेला कंबर कसावी लागली, मुलगा फुरंगटून बसला, म्हाताऱ्या सासऱ्यांचं मन वळवायचं. मालिका मला आवडली होती, खोटं कशाला बोलू. पण परवानग्या गोळा करण्यात किती आठवडे गेले!

नितीन ६०१: बरं, आणि पुरुषांवर होतो तो अन्याय? सासरे बघा. सोफा, पेपर, चहा. तीन वर्षांत डायलॉग एकच, "अगं, शांत हो."

रेखाकाकू ३०२: आमच्याकडेही तेच आहे. पगार मात्र मिळत नाही त्याचा.

कुलकर्णीबाई २०१: गप्प बसणाऱ्याला दोषही लागत नाही. सगळी कारस्थानं सासू, जाऊ, नणंद यांनी करायची. त्या घरात वाईट वागायचा मक्तासुद्धा बायकांकडेच.

शिल्पा ५०४: काकू, पण तुम्ही सांगा. तुम्हाला मनापासून वाटतं तिने दार उघडायला हवं होतं?

रेखाकाकू ३०२: अगं मला कळत नाही का सगळं? मी बँकेत २८ वर्षं काढलीत, कॅश काउंटरवर. पण मी मालिकाही २५ वर्षं बघतेय. दार नाही उघडलं तर तो आजारी पडणार. न्यूमोनिया. मग सासूचे शिव्याशाप, मग ही माहेरी, मग सहा महिने रडारड आणि शेवटी हिनेच पाय धरायचे. त्यापेक्षा उघड म्हटलं, सुटशील. लेखकाशी कोण भांडणार?

ओंकार ४०३: काकू, तुम्ही रायटर्स रूममध्ये या. हाच ट्रॅक असणार बहुतेक. गुरुवारी रेटिंग आलं की कळेल न्यूमोनिया किती दिवसांचा.

सावंतकाका (सेक्रेटरी): पुन्हा विनंती. इतर विषय वैयक्तिक बोलावेत.

शिल्पा ५०४: काका, सोसायटीचाच विषय काढते मग. पेपरची शेवटची आवृत्ती गेली की मी निघते, गेटवर यायला दीड वाजतो. वॉचमन रजिस्टर पुढे करतो. नाव, फ्लॅट, वेळ. मी लिहिते, त्याच्याशी वाद नाही. परवा सहज पानं उलटली. महिनाभरात रात्री १२ नंतरच्या नोंदी ११. अकराच्या अकरा माझ्या. नितीन, शुक्रवारी आपण लिफ्टमधून एकत्र वर गेलो. तुझी नोंद कुठे आहे?

नितीन ६०१: मला विचारलंच नाही कधी. रजिस्टर पाहुण्यांसाठी आहे असं वाटायचं मला.

शिल्पा ५०४: मी इथे १४ वर्षं राहतेय.

सावंतकाका (सेक्रेटरी): ते लेडीजच्या सुरक्षेसाठी आहे. गैरसमज नसावा.

कुलकर्णीबाई २०१: वेळ लिहून सुरक्षा कशी होते, सावंत? आत आल्यावर लिहायचं ना ते?

रेखाकाकू ३०२: आणि ते वाचतं कोण?

सावंतकाका (सेक्रेटरी): हा मेसेज डिलीट केला आहे.

सावंतकाका (सेक्रेटरी): कमिटीत घेऊ.

नितीन ६०१: मी लिहीन यापुढे. पेन असतं का तिथे?

शिल्पा ५०४: दोरीला बांधलेलं आहे, उमटत नाही. मी माझं नेते.

आजी ३०१: (व्हॉइस मेसेज, ओंकारने ऐकून लिहिला) तुमचं सगळं वाचून दाखवलं मला नातीने. ते असू दे. आमची केबल नेमकी पावणेनऊला गेली. शेवटी उघडलं का तिने दार?

रेखाकाकू ३०२: नाही हो आजी. पण उद्याच्या प्रोमोत तो आत पलंगावर झोपलाय आणि ही त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतेय.

आजी ३०१: (व्हॉइस मेसेज) म्हणजे सासूने उघडलं असणार. मागच्या दाराने.